आष्टीचं उत्तर

टेम्पो रिकामा परत आलेला रुचिकानं दुकानातूनच पाहिला. कवडूनं गाडी दुकानासमोर लावली, डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं आणि गल्ल्यावर बसलेल्या प्रभाकररावांना म्हणाला, "नोझल नाईत म्हणते भाऊ. एकबी नाई."

"काऊन नाई? हे काय हाय मंग?" प्रभाकररावांनी प्रिंटरमधून निघालेला कागद टेबलावर आपटला. त्यावर नोझलसमोर दोनशे चाळीस असा ठसठशीत आकडा होता. "काल संध्याकाळी त्यानंच पाठवलं ना हे?"

"योगेंद्रभाऊ म्हणते का म्या असं सांगतलंच नाई."

"आता सांगतलंबी नाई म्हणते! छापून आलं हाय इथं, अन् तरी नाई म्हणते!"

रुचिका कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसली होती. सोयाबीनवर अळी पडलेली, कपाशीच्या फवारण्या जोरात चाललेल्या, पुलगावात नोझलसाठी गिऱ्हाईक दारातून परत जात होतं आणि आष्टीच्या शाखेत ढीग पडल्याचं तिचा प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगत होता. टेम्पो तिकडं गेला की ढीग गायब. परवा पाइपच्या कपलिंगचं तेच झालं. त्याच्या आधी फुटव्हॉलचं. आणि पंपाच्या ज्या पट्ट्यांबद्दल आष्टीनं चकार शब्द काढला नव्हता, ते पट्टे तिथं योगेंद्रकाकांच्या दुकानात छतापर्यंत टांगलेले कवडूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"आता समजलं मले," प्रभाकरराव आवाज खाली आणून म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला की घरातल्यांना जास्त भीती वाटे. "माल परभारे विकून राह्यला थो. आयतवारी जातो अन् किल्ल्याच घेऊन येतो. माह्या सख्ख्या भावानं असं करावं!"

रुचिका म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅममधी गडबड असन. मले पाहू द्या."

"तू तं म्हणत होती का तुहा प्रोग्रॅम पक्का हाय."

ती तसं म्हणाली होती खरी. सगळ्या बाजारपेठेसमोर म्हणाली होती. आता मांडलेलं निस्तरणं आलं.

योगेंद्रकाका म्हणजे प्रभाकररावांचे धाकटे भाऊ. मोटारपंप आणि फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं मूळ दुकान पुलगावात, आणि आष्टीची शाखा काकांच्या हाती. काकांनी ती शाखा एका पत्र्याच्या टपरीपासून उभी केली होती. लग्न तिथं असताना झालं, मुलं तिथं झाली, केस तिथं पिकले. किल्ल्या काढून घेतल्या तर या माणसानं ह्या वयात करायचं काय, आणि 'भावानं भावाचं खाल्लं' हे आष्टीच्या बाजारात ऐकायचं कसं? रुचिकाला रात्री झोप लागत नव्हती ती याच विचारानं. कारण काकाला चोर ठरवणारा तो कागद तिच्याच प्रोग्रॅमनं छापला होता.

घरात कॉम्प्युटर शिकलेली पोरगी असणं ही एक शिक्षाच असते, आधी तिला आणि मग घरच्यांना. मिक्सर बंद पडला तरी हाक तिलाच. इंजिनिअरिंग संपवून रुचिका घरी आली त्या वर्षी तिनं वडिलांच्या मागं लागून एक जुना कॉम्प्युटर आष्टीला पाठवला, दोन मोडेम घेतले आणि दोन प्रोग्रॅम लिहिले. एक आष्टीत बसून हाकेची वाट पाहायचा, तो सर्व्हर. दुसरा पुलगावातून हाक मारायचा, तो क्लायंट. संध्याकाळी पुलगावचा मोडेम आष्टीचा फोन लावायचा, दोन्ही मोडेम एकमेकांवर किंचाळून घ्यायचे आणि एकदा जोडणी झाली की क्लायंट आपल्याला हव्या त्या वस्तूंची नावं एकामागून एक धडाधड पाठवून द्यायचा. नोझल, वायसर, कपलिंग, फुटव्हॉल, पट्टे. मग सर्व्हरनं त्याच क्रमानं, एकेका ओळीत एकेक आकडा परत पाठवायचा. क्लायंटनं पहिली ओळ पहिल्या नावासमोर लावायची, दुसरी दुसऱ्यासमोर, आणि कागद छापायचा. लहान पोरानं करावं इतकं सोपं काम.

त्याआधी काय होतं? त्याआधी रोज संध्याकाळी प्रभाकरराव काकाला फोन लावत आणि तोंडानं विचारत. त्या फोनमध्ये मालाबरोबर पावसापाण्याचं, पोरांच्या परीक्षांचं, आष्टीच्या आठवडी बाजाराचं, सगळं निघे. कॉम्प्युटर आल्यावर तो फोन बंद झाला. गरजच राहिली नाही. प्रभाकरराव गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "आता बोला नाई लागत. मशीन मशीनले विचारते."

आणि मशीननं हे असं खोटं सांगायला सुरुवात केली.

रुचिकानं काय काय करून पाहिलं नाही? दोन्ही प्रोग्रॅम दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालवले. सर्व्हरमध्ये स्वतः आकडे भरले, पाच, बारा, शून्य, तीस; आणि क्लायंटला विचारलं. उत्तरं तंतोतंत. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर तासभर मागून घेतला, मध्ये तार टाकली. उत्तरं तंतोतंत. आष्टीला जोडलं, की वांधे. शिवाय आष्टीची एक खोड अशी की शेवटच्या एक-दोन नावांची उत्तरं यायचीच नाहीत. क्लायंट आपला वाट पाहत बसायचा, बसायचा, आणि फोन कट व्हायचा. रुचिकानं त्याचं सगळं खापर आष्टीच्या लाइनवर फोडलं. 'अमुक वेळ वाट पाहा आणि उत्तर नाही आलं तर जागा कोरी सोडून पुढं हो' असं क्लायंटला शिकवलं आणि खोड मिटली असं मनाचं समाधान करून घेतलं. लाइनमनला चहा पाजून खांबावर चढवलं. तो उतरून म्हणाला, लाइन मस्त हाय. मोडेम बदलला. नवा मोडेम जुन्यापेक्षा जास्त किंचाळायचा, एवढाच फरक.

मग तिनं क्लायंटला, आलेली प्रत्येक ओळ एका फाइलमध्ये नोंदवून ठेवायला लावलं. फाइल उघडली तर त्यात आकडेच आकडे, आणि पहिला आकडा दोनशे चाळीस. म्हणजे आष्टीहून आलंच तसं होतं. वडिलांनी खांद्यावरून वाकून तेही पाहिलं.

"झालं?" ते म्हणाले. "तुह्या मशीनचा काई दोष नाई. दोष माणसाचा हाय."

"मी काकाले फोन लावून विचारू?"

"खबरदार! त्याले सावध करतं का?"

आणि तिनं फोन लावला नाही. वडिलांचा धाक होता हे खरं, पण खरं सांगायचं तर तिलाही वाटलं होतं की फोनवर काका काय सांगणार? सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना कुठं ठाऊक? बिघाड प्रोग्रॅममध्ये आहे, तर प्रोग्रॅमलाच विचारावं.

शनिवारी सकाळी, वडील स्टेशनवर माल सोडवायला गेलेले पाहून ती आईला सांगून निघाली. पर्समध्ये दोन्ही प्रोग्रॅमच्या फ्लॉपी. पुलगावहून आर्वी, आर्वीला गाडी बदलून आष्टी. रस्ता असा की फ्लॉपीतल्या अक्षरांची जागा बदलेल की काय असं वाटावं. मागच्या बाकावर जागा मिळाली होती, आणि मागच्या बाकावरचा प्रवास काय असतो ते एसटीनं फिरलेल्याला सांगायला नको. आर्वीच्या पुढं तिला उलटीही झाली. खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती स्वतःवर, सर्व्हरवर, वडिलांवर आणि तमाम टेलिफोन खात्यावर चिडत होती.

काका दुकानातच होते. तिला पाहून उठले, पण नेहमीसारखं "आली का माही इंजिनेर!" असं ओरडले नाहीत.

"ये बाई," एवढंच म्हणाले. "दादानं पाठवलं?"

"नाई, मीच आली. कॉम्प्युटर पाहाले."

"पाहा. तुमचाच हाय."

'तुमचाच' हा शब्द तिला चांगलाच लागला. घर दुकानाच्या मागंच होतं. ज्योत्स्नाकाकूनं आतून पाणी आणलं, तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि जेवायला गोळाभात टाकते म्हणाली. काकू बोलत होती तेही काकांकडं चोरून पाहत. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. रोज टेम्पो येतो, नसलेला माल मागतो, रिकामा जातो, आणि भावाचा फोन मात्र येत नाही. एवढ्यावरून न समजायला काका काही दूधखुळे नव्हते; आणि रविवारच्या किल्ल्यांचं कवडूच्या तोंडून निसटलं होतं.

कॉम्प्युटर काकूनं विणलेल्या झाकणाखाली स्वच्छ बसला होता. रुचिकानं सर्व्हर उघडला, नंतर फ्लॉपीतला क्लायंटही त्याच कॉम्प्युटरवर टाकला. आकडे स्वतः भरले, विचारलं. उत्तरं तंतोतंत. तिनं कपाळ बडवून घेतलं. पुन्हा भरले, पुन्हा विचारलं, पुन्हा तंतोतंत. पुलगावात बरोबर, आष्टीत बरोबर, आणि दोघांच्या मध्ये खोटं! हे म्हणजे दुखणं डॉक्टरच्या दारात गेलं की पळून जातं तसलं झालं.

"काका," ती शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुमी रोज कसं भरता ते मले दाखवता का? जसं रोज करता तस्संच."

काकांनी चष्मा लावला. खुर्चीवर बसण्याआधी नेहमीच्या सवयीनं कॉम्प्युटरला हात लावून तो कपाळाला लावला. मग एका बोटानं, घाई न करता, पण न चुकता ते भरू लागले. नोझल आलं. काकांनी नुसतंच एंटर दाबलं आणि खाली गेले. वायसर: दोनशे चाळीस. कपलिंग: छत्तीस. फुटव्हॉल: पुन्हा नुसतंच एंटर. पट्टे: नव्वद.

"काका, थांबा. नोझलसमोर तुमी काईच नाई टाकलं."

"नोझल नाईतच ना. सरले."

"मंग शून्य टाका ना!"

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. ती चपला घालून देवघरात शिरली असती तरी ते इतके दचकले नसते. "शून्य? दुकानात?" ते म्हणाले. "मालापुढं शून्य मांडते का कोणी? लक्षुमी उठून जाते. सरलेल्या मालाची जागा कोरी सोडाची, माल आला का भराची. आपल्या घरचं असंच हाय. तुह्या आजोबापासून, आबांपासून."

"अवो काका, पण मशीनले कसं समजन?"

"मले काय ठाव? तू मले सांगतलं, असन तेवढं भरा. असन तेवढं भरतो. नाई त्याचं काय करू हे तू सांगतलंच नाई."

इतके दिवस! लाइनमन, मोडेम, झेरॉक्सवाला, एसटीतली उलटी. आणि बिघाड काय, तर लक्ष्मी उठून जाते! तिला हसावं की कीबोर्ड आपटावा कळेना. रागारागानं तिनं काकांनी भरलेलं होतं तसंच ठेवलं आणि क्लायंट चालवला.

आणि तिच्या डोळ्यांसमोर, त्याच टेबलावर, ते खोटं तयार झालं. नोझल: दोनशे चाळीस. कपलिंगचे छत्तीस वायसरवर चढले, पट्ट्यांचे नव्वद कपलिंगवर. फुटव्हॉल आणि पट्टे यांना उत्तरच नाही. क्लायंट वाट पाहत बसला.

तिला एकदम आठवलं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत तिचा सर्व्हर प्रत्येक आकड्यानंतर एक जास्तीची रिकामी ओळ पाठवायचा. तिचीच चूक. ती नीट शोधून काढायचा कंटाळा केला आणि क्लायंटमध्ये एक सोय करून टाकली: रिकामी ओळ आली तर ती मोजायची नाही, सोडून द्यायची. पुढं सर्व्हर दुरुस्त झाला, सोय तशीच राहिली. नोंदवायची फाइलही त्या सोयीच्या नंतर लिहिली जायची, म्हणून तिच्यातही रिकामी ओळ कधी दिसली नाही. काका रोज खरं सांगत होते. नोझल नाहीत, हे ते कोरी जागा सोडून सांगत होते, कोरी ओळ पुलगावपर्यंत जातही होती, आणि पुलगावला पोचल्यावर रुचिकाचा प्रोग्रॅम ती उचलून फेकून देत होता. मग मागचा आकडा पुढं सरकायचा. एक वस्तू सरली की एक उत्तर कमी, दोन सरल्या की दोन. तिनं लाइनवर ढकललेली खोड ती हीच.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चूक माही हाय," ती म्हणाली. "तुमची काईच नाई."

दुरुस्तीला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. रकाना कोरा असेल तर सर्व्हरनं स्वतःच शून्य पाठवायचं, एवढं एक वाक्य. तिनं पुन्हा विचारलं. नोझल शून्य, वायसर दोनशे चाळीस, कपलिंग छत्तीस, फुटव्हॉल शून्य, पट्टे नव्वद. सगळं जागच्या जागी.

"म्हणजे शून्य आता थे मांडन," काका म्हणाले. "माह्या हातानं नाई."

"हो."

"बरं झालं."

तिनं तिथूनच पुलगावला फोन लावला. प्रभाकरराव आधी तिच्यावरच उखडले, न विचारता गेली कशी म्हणून. मग तिनं सांगितलं ते त्यांनी ऐकलं. कोऱ्या ओळीचं त्यांना किती कळलं देव जाणे, पण काका खरे होते एवढं कळलं.

"मंग त्यानं शून्य काऊन नाई टाकलं?" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाले एवढं समजत नाई?"

रिसीव्हरमधला आवाज दुकानभर ऐकू येत होता. काकांनी हात पुढं केला आणि रिसीव्हर घेतला.

"दादा, मी बोलतो. म्या लहानपणी एकदा शून्य मांडलं होतं. तवा बोटावर पट्टी कोणं मारली होती? आबांनी नाई, तुमी मारली होती. म्हणे, दुकानात शून्य मांडत नाई. म्या मंग कधीच नाई मांडलं."

पलीकडं प्रभाकररावांनी गल्ल्याचा खण ओढून बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "मंग उद्या मी येत नाई तिकडं."

"नाई, या ना. किल्ल्या काढून ठेवल्या हाय म्या. घेऊन जा." काकांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. आपटला असता तर रुचिकाला बरं वाटलं असतं.

"काका, असं काऊन करता?" ती जवळजवळ ओरडलीच. "आता सगळं नीट झालं ना! आता बरोबर उत्तरं जातीन. चूक सापडली ना माही!"

"तुही चूक सापडली, चांगलं झालं," काका म्हणाले. ते रागावलेले नव्हते, दमलेले होते. "मशीन बिघडली असन म्हून तू एसटीत ओकत ओकत इथपर्यंत आली, पोरी. मी बिघडलो असन असं वाटलं, तं कोणं साधा एक फोनबी नाई केला. दादानं नाई अन् तूबी नाई."

काकू दारात ताट घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. फोन न लावण्यामागं धाक वडिलांचा होता, पण 'काकांना काय विचारायचं' हा विचार रुचिकाचा स्वतःचाच होता. तिला काकांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पाया पडून भागण्यासारखं हे नाही हेही कळलं. मग तिला राग आला, स्वतःचा आणि पुलगावात गल्ल्यावर बसलेल्या त्या माणसाचा, आणि हा राग गेल्या सगळ्या दिवसांतल्या चिडचिडीपेक्षा फार बरा होता. तिनं पुन्हा फोन लावला.

"बाबा, उद्या नाई, आत्ताच्या आत्ता निघा. पाच मिनिटांनी नाई, आत्ता. कवडूले टेम्पो काढाले सांगा."

"अवं पण कायले? नीट झालं ना सगळं?"

"मशीन नीट झाली. तुमी इथं या अन् काकासमोर बसून त्याईले विचारा."

"काय विचारू?" प्रभाकरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दरारा नव्हता. धाकट्या भावाशी काय बोलायचं हे त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

"जेवला का म्हून विचारा," रुचिका म्हणाली. "अन् उत्तर येईपर्यंत बसा."